मदत हवी आहे: 'रन' या शब्दाचं करायचं काय?

मंडळी, इंग्रजीतल्या 'रन'ने माझी दमछाक केली आहे. धावणं ठीक, पण त्यांचं नाकही धावतं, नळही धावतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमध्ये मात्र आपल्यासारखाच उभा राहतो, 'स्टँड' करतो! (हे एक बरं लक्षात राहिलं.) खरी अडचण 'रन डाउन'ची: बॅटरी उतरणं, गाडीने कुणाला उडवणं, एखाद्याला नावं ठेवणं, सगळं त्यातच. 'रन इन्टू' म्हणजे धडकणं की अवचित भेटणं, हे फक्त संदर्भावरूनच ओळखायचं का? आणि 'रन ऑफ द मिल'ला 'सर्वसाधारण'पेक्षा चपखल मराठी शब्द सुचतोय का कुणाला? भाषांतर तिथेच अडलंय. याद्या पाठ करून पाहिल्या, टिकत नाहीत.