अनुभव धागा: तुमच्या कामात ‘पुन्हा तपासणं’ याला काय म्हणतात?

घरात ‘परत एकदा बघ की’ एवढ्यावर भागतं. बाजार, कचेरी, कोर्ट, शाळा इथं मात्र प्रत्येकाचा शब्द निराळा, आणि कोण तपासणार, कशाशी ताडून बघणार हेही त्या शब्दातच आलेलं असतं. सांगली-साताऱ्याकडच्या मंडळींनी आपापल्या कामातला शब्द लिहावा. त्यात काय येतं आणि काय येत नाही, तेही सांगा. शब्दकोश आमच्याकडेही आहे, तुमचा वापर हवाय.

सांगली, सहकारी बँकेतून निवृत्त
आमचा शब्द ताळा. तेच गणित पुन्हा केलं तर गुरुजी मानायचे नाहीत, दुसऱ्या वाटेनं येऊन उत्तर जुळवायचं. भागाकाराचा ताळा गुणाकारानं. नवाच्या ताळ्यात अंकांची बेरीज एका अंकावर येईपर्यंत करत जायची. पण ४,७३० च्या जागी ४,३७० लिहिले तर हा ताळा गप्प बसतो, कारण अंकांची बेरीज तीच राहते. बँकेत आम्ही हीच खोट कामाला लावायचो. संध्याकाळी कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) जुळेना, फरक ३६० चा. नवानं भाग जातोय? मग बहुधा कुठंतरी अंक उलटे पडलेत, आधी तशी व्हाउचरं शोधा. आता ‘रीचेक कर’ म्हटलं की पोरं वरून खाली तीच बेरीज पुन्हा मारतात. डोळा त्याच ओळीवर पुन्हा फसतो.

वाई, महसूल खात्यात नकला देण्याचं काम
रुजवात. हिला माणसं दोन लागतात. एक अस्सल, म्हणजे मूळ कागद, मोठ्यानं वाचणार, दुसरा नकलेवर बोट ठेवून ऐकणार. म्हणून नक्कल करणाराची सही वेगळी, रुजवात घेणाराची वेगळी. कामाच्या रेट्यात दोन्ही सह्या एकाच हातच्या होतात, ते सोडा. सातबारे संगणकावर चढवले तेव्हा चावडीवाचन झालं, म्हणजे ते गावासमोर मोठ्यानं वाचले, ती माझ्या मते अख्ख्या गावानं घेतलेली रुजवातच.
मात्र अस्सलातच चूक असेल तर रुजवात ती चूक इमानानं नकलेत उतरवते. लोक इथंच वाद घालतात, ‘तुम्ही तपासलंत ना?’ तपासलं, नक्कल अस्सलाबरहुकूम आहे. अस्सलातला लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेली चूक, दुरुस्त करायचा तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली वेगळा अर्ज करावा लागतो.

वाळवा तालुका, शेतकरी
बांधाच्या वादात पहिली मोजणी पटली नाय तर अर्ज करायचा. मग तोच भूकरमापक परत येत नाय, त्याच्या वरचा साहेब येतो. त्याला निमताना मोजणी म्हणत्यात. त्यावरबी हरकत असंल तर सुपर निमताना, तिथं जिल्ह्याचा भूमी अभिलेख अधीक्षक. आमच्या चुलत्यांनी दोन्ही केल्या, बांध हाय तिथंच हाय.
उसाला काटा. ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर घालून मग कारखान्यात न्यायची. पण बरीच माणसं भरल्या गाडीचं वजन बघून गप होत्यात. येताना रिकामी गाडीबी त्याच काट्यावर घातली पायजे, त्याबिगर ऊस किती ते कळत नाय.

सातारा, वकील
पक्षकार हमखास गोंधळतात तो शब्द म्हणजे फेरतपासणी. त्यांना वाटतं, साक्ष पहिल्यापासून पुन्हा होणार. कोर्टात आधी सरतपासणी, म्हणजे आपल्या वकिलानं आपल्या साक्षीदाराला विचारलेले प्रश्न, मग समोरच्या वकिलाची उलटतपासणी, आणि उलटतपासणीत निघालेल्या गोष्टींचा खुलासा करायला आपल्याच वकिलानं विचारलेले प्रश्न, ती फेरतपासणी. नवा मुद्दा काढायचा तर कोर्टाची परवानगी लागते, आणि मग त्यावर पुन्हा उलटतपासणीचा हक्क समोरच्याला मिळतो. ‘राहिलेलं फेरतपासणीत सांगतो’ म्हणणाऱ्या साक्षीदाराला मी आधीच थांबवते.

विटा, गलाई व्यवसाय
आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर सोनं-चांदी गाळतात. टंच (धातूची शुद्धता) पटला नाही तर गिऱ्हाइकाला म्हणायचं, ‘दुसरीकडं दाखवा.’ ते रागानं म्हणायचं नसतं. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक (एचयूआयडी) ॲपवर टाकून बघता येतो, पण ॲप नोंद दाखवतं. हातातल्या दागिन्याचा कस ॲप काढत नाही.

सांगली, गावभाग
पावसाळ्यात आमचा शब्द एकच: ‘आयर्विनला किती?’ म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट. ४० फूट इशारा, ४५ धोका. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. तेव्हापासून कोयनेच्या विसर्गाचा कुठलाही आकडा फोनवर आला की हात थरथरतो. ‘खातरजमा केली’ म्हणून लोक तोच मेसेज पाच ग्रुपवर बघतात. पाचही ठिकाणी तो एकाच तोंडून आलेला असतो. पाटबंधारे खात्याचा आकडा बघा, नाहीतर पुलाजवळच्या पट्टीवरचा फूट कुणाला तरी डोळ्यानं बघून सांगायला लावा.

कोरेगाव, शिक्षिका
वरिष्ठांना ‘तपासा’ कसं म्हणायचं, हाही प्रश्न असतो. मी ‘एकदा नजरेखालून घाला’ म्हणते. ‘क्रॉस चेक करा’ म्हटलं की काहींना संशय घेतल्यासारखं वाटतं. इंग्रजीत म्हटल्यावर का जास्त लागतं कोण जाणे.

कराड, पालक
मुलीला बारावीत भौतिकशास्त्रात कमी पडलेत. गुणपडताळणीचा अर्ज केला तर उत्तरं पुन्हा वाचतात का?

कोरेगाव, शिक्षिका
नाही. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. उत्तराला गुण कमी दिले असं वाटत असेल तर पुनर्मूल्यांकन. त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. आपलं मंडळ कोल्हापूर विभागाचं. छायाप्रत हातात आली की आधी विषयशिक्षकाला दाखवा, पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला मुदत थोडी असते.