पिकअपला बाहेरचा एअर फिल्टर बसवावा का?

प्रश्न (जालना):
माझी बीएस-६ डिझेल पिकअप रोज मोसंबी वाहते. उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर बसवल्यास ओढ वाढते, असे गॅरेजवाले सांगतात. हा खर्च करावा का?

उत्तर (लातूर):
करू नये. टर्बो डिझेल इंजिनाची ताकद प्रामुख्याने ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक) किती डिझेल सोडतो यावर ठरते. त्यामुळे मूळ फिल्टर स्वच्छ असेल, तर नुसती हवेची वाट मोकळी केल्याने जाणवण्याजोगा फरक पडत नाही. वाढतो तो आवाज, आणि लोक त्यालाच ओढ समजतात! शिवाय असा फिल्टर बॉनेटखालची तापलेली, विरळ हवा ओढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे असताना ती इंजिनाला नकोच.

उत्तर (बीड):
धुळीचाही विचार करावा. तेल लावलेल्या कापडी जाळीचे फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात हे खरे, परंतु चांगल्या कागदी फिल्टरपेक्षा ते सहसा बारीक धूळ अधिक आत सोडतात, आणि तेल जास्त झाल्यास हवा मोजणाऱ्या सेन्सरवर त्याचा थर बसतो. माझ्या गाडीत नेमके हेच झाले. शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा कागदी फिल्टर पुस्तिकेतील मुदतीपूर्वीच बदलावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. उद्या मूळ फिल्टर उघडून पाहतो. दिवाळीपासून तो बदललेलाच नाही.