अनुभव धागा: संकटाआधी लागलेल्या सवयी

सलाम मंडळी.

परवा आमच्या महिला मंडळात विषय निघाला की संकट आल्यावर प्रार्थना सगळेच करतात, पण आधीपासून सवय असली तर खरंच फरक पडतो का. अर्धा तास नुसता वाद, स्वतःचा अनुभव कोणी सांगेना. म्हणून इथे विचारतेय. उपदेश नको प्लीज, तो रविवारी मिळतोच.

माझंच आधी. माहेर नगरचं, आजी मिशनच्या शाळेत शिकवायची, तिच्याकडे नियम असा की सकाळी बायबलचं वचन पाठ म्हणल्याशिवाय चहा-चपाती नाही. स्तोत्र 121 तर आठच वचनांचं, ते मी चपातीकडे बघत इतक्यांदा म्हणलंय की मला ते चहाच्या वासासकटच आठवतं. मग 35 वर्षांनी मिस्टरांची बायपास, रात्रीचे दोन, आयसीयूबाहेरची लोखंडी खुर्ची, आणि मला स्वतःचे असे दोन शब्द सुचेनात. "प्रभू" म्हणायचं आणि पुढं सगळं कोरं. तेव्हा ते स्तोत्र आपोआप सुरू झालं, तेही आजीच्याच चालीत, ती जिथं श्वास घ्यायची तिथंच थांबत. तुझा राखणारा झोपत नाही असं त्यात आहे ना, तर म्हणलं बरंय, तो जागा आहे तर मी झोपते. आणि खरंच पर्स छातीशी धरून तासभर झोपले.

वसईहून

आमच्याकडे संध्याकाळी सात म्हणजे रोझरी, माळेवरची प्रार्थना, टीव्ही बंद. लहानपणी मला याचा भयंकर राग यायचा, मॅच असली की विचारूच नका. पप्पा गेले तो मंगळवार. मंगळवारी दुःखाची रहस्ये म्हणतात, म्हणजे येशूच्या दुःखाचे प्रसंग, आईने काही ठरवून केलेलं नाही, वारच तो होता. घर माणसांनी भरलेलं, काय बोलावं कोणालाच कळत नव्हतं, आणि सात वाजता आईने माळ हातात घेतली. रोझरीत कसं, अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची आणि अर्धी बाकीच्यांनी, त्यामुळे त्या सगळ्या गप्प बसलेल्या माणसांना एकदम बोलायला काहीतरी मिळालं. माळेच्या तिसऱ्या दहा मण्यांना आईचा आवाज गेला. माझ्या दहा वर्षांच्या मुलीने तिथून उचललं, तोपर्यंत मला वाटायचं ती नुसती झोपा काढत बसते.

पुण्यातून, थोडं वेगळं

माझा अनुभव उलटा आहे, चालेल ना? रोज सकाळी बायबल वाचन, प्रार्थनेची वही, सगळं व्यवस्थित होतं, आणि नोकरी गेली तेव्हा त्यातलं काहीच कामाला आलं नाही. वही उघडली की चीड यायची. वर एकजण म्हणे देवाची काहीतरी योजना असेल, त्याला मी जवळजवळ हाकललंच. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, मात्र फक्त एवढंच म्हणाले की 88वं स्तोत्र वाच. वाचलं. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वर येतात, हे येतच नाही, अंधारातच संपतं. म्हणजे असंही देवाशी बोलता येतं हे मला चाळिशीत कळलं. तेव्हापासून वहीत तक्रारीही लिहितो. बायबलमधल्या ईयोबावर एवढी संकटं आली, तेव्हा त्याचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसून होते तेवढंच बरं वागले, पुढे तोंड उघडलं आणि घाण केली, हे माझं मत.

श्रीरामपूरकडून

कापणीच्या सणाला पिकातलं पहिलं आणून वेदीपुढं ठेवायचं, मग मंडळीत त्याचा लिलाव. 2018 च्या दुष्काळात आणायला होतं काय? वडील म्हणले रिकाम्या हाताने जायचं नाही. मी मरणाचा लाजत बाजरीची पाच कणसं नेली, त्यातली दोन चिमण्यांनी खाल्लेली. लिलावात कोणीतरी दोनशेला घेतली आणि परत आमच्याच हातात दिली. कर्ज काही त्याने फिटलं नाही. पण पुढच्या महिन्यात सोसायटीची नोटीस आली तेव्हा लोकांपासून तोंड लपवावंसं वाटलं नाही, लाज त्या कणसांबरोबर आधीच गेली होती.

कुवेतहून

नर्स आहे, ड्युटीवरून घाईत लिहितेय. इथे सुट्टी शुक्रवारी त्यामुळे उपासनाही शुक्रवारी. नाइट करून गेलं की मी तिथं पेंगते, तरी जातेच. घरी आई आजारी पडली तेव्हा त्याच लोकांनी तिकिटाचे पैसे गोळा केले.

केडगावजवळून

पंडिता रमाबाईंचं आठवलं. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, स्वतःची तब्येत ढासळलेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही, आणि 1922 मध्ये त्याही गेल्या. लोक म्हणतात बाई पोलादी. मला वाटतं, वर्षानुवर्षं रोज त्या कामाला बसायची सवय होती, ती मोडली नाही.

एक प्रश्न

सगळ्यांचं वाचलं. पण माझं पाठांतर फार कच्चं आहे हो, वय 52, आता काय होणार?

धागा काढणारी

121 पासून सुरू करा ताई. आणि चपाती समोर ठेवा.