घाट आणि ट्रॅक, दोन्हीला एकच टायर: चालेल की अंगाशी येईल?

चिपळूणचा_टर्बो:
मंडळी, गाडी पोलो जीटी टीएसआय, साईज 195/55 आर16. जुने टायर संपले. जानेवारीत कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला (आपलीच गाडी रेसिंग ट्रॅकवर पळवायचा दिवस) जायचंय, तेही गाडी चालवतच, म्हणजे एका बाजूचे हजार-अकराशे किलोमीटर. माझं ठरल्यातच जमा आहे: ट्रेडवेअर (टायर किती टिकेल त्याचा आकडा, कमी म्हणजे मऊ) 200 चे मऊ टायर घालायचे आणि वर्षभर तेच वापरायचे. कुंभार्ली घाटात रोज जाणाऱ्याला पकड नको का? थंडीत मऊ रबर कडक होतं म्हणतात, पण आपल्याकडे थंडी असते कुठे? पटत नसेल तर बोला.

लाल_चिखल:
थंडी नसते रे, पाऊस असतो! असल्या टायरांची नक्षी नव्यातच उथळ, पाणी बाहेर टाकायच्या खोबणी मोजक्या. नासाचं जुनं सूत्र आहे: टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ गुणिले 9, म्हणजे किती नॉटला गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यावर तरंगू लागेल ते. 32 पीएसआयला उत्तर येतं साधारण 51 नॉट, म्हणजे ताशी 94 किमी. हायवेवर तेवढा वेग सगळेच ठेवतात.

चिपळूणचा_टर्बो:
ते गुळगुळीत टायरचं, दादा. मी नवे घेतोय.

लाल_चिखल:
जानेवारीत ट्रॅकवर घासणार, वर पाच महिने घाट. जूनला नवे राहतील का? नक्षीची खोली कायद्याने 1.6 मिमी चालते, मी 3 च्या खाली गेलं की पावसाआधी बदलतो.

अंबा_घाट_रोज:
पण ट्रेडवेअरच्या आकड्यावर एवढा जीव का टाकताय? 100 म्हणजे एक ठरलेला संदर्भ टायर, त्याच्या तुलनेत आपला किती टिकेल ते कंपनी स्वतःच जाहीर करते. एकाचा 200 आणि दुसऱ्याचा 200 सारखा असेलच असं नाही. बाकी कोरड्या घाटात मऊ टायरचा ब्रेक जो लागतो ना, एकदा सवय झाली की साधा टायर नकोसा होतो. मी टर्बोभाऊच्या बाजूने.

कुडाळचो_झील:
पावसात ह्या टायरार गेलंस तर सरळ माडार चढशीत! माका पावसापेक्षा खड्ड्यांची भीती. गेल्या गणपतीत एका खड्ड्यात पुढचं चाक आपटलं, तेव्हा काहीच जाणवलं नाही. सकाळी धुताना साईडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की असा फुगा येतो, पंक्चरवाल्याने हातच लावला नाही, टायर गेला तो गेलाच. 55 च्या प्रोफाइलवर (साईडवॉलची उंची रुंदीच्या 55 टक्के) हे, आणि तुका तर मऊ रबराचो पण कडक साईडवॉलचो टायर होयो.

जुना_हौशी:
तुम्ही सगळे टायरवर भांडताय. पहिल्यांदाच जातोयस ना? मग साध्या, चांगल्या रोड टायरवरच जा. तो आधी ओरडतो, मग हळूहळू सुटतो, चूक कळायला वेळ मिळतो. मऊ टायर चूक पोटात घालतो आणि सोडतो तेव्हा फारशी सूचना देत नाही. पैसे ताज्या ब्रेक ऑइलवर आणि पॅडवर घाल.

आणि खडू घेऊन जा. टायरच्या कडेला, नक्षीपासून साईडवॉलपर्यंत खडूची रेघ ओढ, चार फेऱ्या मारून ये आणि बघ कुठपर्यंत पुसली. साईडवॉलवर छोटा त्रिकोण असतो, त्याच्याही पुढे पुसली तर टायर कलतोय, हवा कमी आहे. त्रिकोणापर्यंत पोचलीच नाही तर थोडी काढ. हवा गरम टायरची मोज, पाच-सहा पीएसआय सहज चढते.

चिपळूणचा_टर्बो:
खडूचं आवडलं. पण हौस म्हणून आपण जगतो ना? दोन सेट ठेवले तर सगळे खूश?

लाल_चिखल:
ते खरं उत्तर. रिमसकट दुसरा सेट, मागची सीट पाडून गाडीतच न्यायचा, तिथे बदलायचा.

चिपळूणचा_टर्बो:
आणि एरवी ठेवू कुठे? माळ्यावर आंब्याच्या पेट्या आहेत.

कुडाळचो_झील:
पेट्ये मार्चापर्यंत रिकामीच नाय काय! फक्त उन्हात ठेव नको. आणि आवशीक सांग, खताची गोणी म्हणून.