चिऱ्याच्या माजघरासाठी वायरलेस स्पीकर: ३५ हजारांत काय घ्यावं?

गुहागरची सून:
नमस्कार मंडळी. धाकटे दीर गणपतीला पुण्याहून येताना मामंजींसाठी 'चांगल्यातला' स्पीकर आणतो म्हणालेत. बजेट ३५ हजार. निवड माझ्यावर टाकली आहे, म्हणजे नाही आवडला तर बोलणीही मीच खायची.

खोली म्हणजे आमचं माजघर, १२ बाय १८ फूट. चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, त्यावर गिलावा, खाली कोबा, वर लाकडी माळा. राऊटर बाहेर ओटीवर. मामंजी ८१ वर्षांचे. झोपाळ्यावर बसून नाट्यगीतं, भजनं, कीर्तनं ऐकतात. निम्मं पेन ड्राइव्हवर, निम्मं यूट्यूबवर, सकाळी रेडिओ. त्यांची तक्रार एकच, "आवाज मोठा आहे गो, पण शब्द कळत नाहीत." आवाज वाढवला तर म्हणतात, "गोंगाट नको."

आधीचा बॅटरीवाला होता, कंपनीचं नाव घेत नाही. तीन पावसाळे निघाले, मग चार्जिंगचं भोक हिरवंगार. सर्व्हिस सेंटरने कोल्हापूरला पाठवायला लावला आणि महिन्याने सांगितलं, पार्ट मिळत नाही. सध्या न्हाणीघराच्या दाराला अडण म्हणून ठेवलाय. वजन चांगलं आहे.

डोक्यात आहेत सोनोस एरा १०० आणि मार्शल ॲक्टन ३. दिरांचा जीव ॲपलच्या होमपॉडवर.

पुणेरी कान:
घरात आयफोन आहे का? नसेल तर होमपॉड विसरा. त्याच्यावर ब्लूटूथने गाणं लावता येत नाही, ॲपलचं स्वतःचं एअरप्लेच लागतं, आणि मागे वायर खोचायला जागाही नाही. माझं मत विचाराल तर एलडॅक कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त तपशिलाने आवाज पाठवायची पद्धत, असलेलाच घ्या. सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो. एकदा ऐकलंत की साधं ब्लूटूथ नकोसं होईल.

गुहागरची सून:
घरात चार फोन, चारही अँड्रॉइड. होमपॉड बाद. दिरांना तुम्हीच सांगा.

मालवणचो झील:
वहिनीनू, चिऱ्याच्या भिंतीतसून वायफाय जाता खंय? आमच्याकडे राऊटर लोट्यार (ओटीवर) नि स्पीकर माजघरात होतो. अर्धा भजन झाला की बंद. शेवटी राऊटर भितर घेतलो. तेवढा पयला बघा.

डबलबारीवाला, कुडाळ:
ताई, मी बावीस वर्षं भजनांना साऊंड लावतो. मंडपातलं गणित घरात चालत नाही, पण कान तोच.

पुणेकरांनी सांगितलेला एलडॅक खोटा नाही, पण पेन ड्राइव्हवरच्या फाइली बहुतेक १२८ किलोबिटच्या एमपी३ असणार. मोठ्या हंड्यातून ओतलं म्हणून तांब्यातलं पाणी वाढत नाही. जुनी नाट्यगीतं तर मोनो. त्यांना एकच डबा पुरतो, डावं-उजवं शोधत बसू नका.

आता शब्दांचं. मला सांगा, स्पीकर ठेवता कुठे? कोनाड्यात, बरोबर? कोनाड्यात किंवा कोपऱ्यात ठेवलं की खर्ज, म्हणजे बेस, फुगतो. त्यात गिलावा आणि कोबा दोन्ही कडक, आवाज उलट येतो. माजघराच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे 'टर्र' असं शेपूट ऐकू आलं तर समजा. वय झालं की कानातून आधी वरच्या पट्टीचा आवाज जातो. स, श ही अक्षरं तिथलीच. उरलेल्यावर खर्ज बसला की म्हातारा माणूस म्हणणारच, आवाज मोठा आहे पण कळत नाही. मामंजींची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

तेव्हा स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढे, स्टुलावर, झोपाळ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. खाली सतरंजी. समोरच्या भिंतीला गोधडी टांगलीत तर उत्तमच, पण घरचे हसतील.

दोघांतला मी ॲक्टन घेईन. कारण सुराचं नाही, बटणांचं. वर बेस-ट्रेबलचे खरेखुरे फिरवायचे नॉब आहेत. बेस खाली, ट्रेबल किंचित वर, झालं, मामंजींना ॲप उघडायला नको. ३.५ मिमीची, म्हणजे हेडफोनच्या पिनेची, वायरही थेट लागते. रेडिओच्या हेडफोनच्या भोकातून ती लावा, सकाळचं आकाशवाणी त्याच डब्यावर. सोनोस चांगला आहे, त्यात वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आहे, पण वायर लावायला वेगळा ॲडाप्टर घ्यावा लागतो. पेन ड्राइव्हवरची गाणी दोन्हींवर थेट वाजणार नाहीत, जुन्या फोनमध्ये भरून ठेवा. ॲक्टनला बॅटरी नाही, लाइट गेली की बंद. इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या.

आणि अर्थिंग तपासा. कातळावरच्या घरांत बऱ्याचदा ती फक्त नावाला असते. अर्थिंग नसेल तर महागडा स्पाईक गार्ड वीज पडताना फारसा कामाचा नाही. गडगडायला लागलं की प्लग काढायचा, हे मी माझ्या साऊंड मिक्सरच्या मरणातून शिकलोय.

पावसाळ्यात रोज थोडा वेळ वाजवा, आतून उबदार राहतो. प्लॅस्टिक गुंडाळू नका, सुती फडकं टाका. स्पीकरला मागे बेसचं भोक असेल तर जाळीचं कापड लावा. माझ्या एका मॉनिटर स्पीकरचा आवाज अचानक बसका झाला. उघडून बघतो तर भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, आत अळ्यांसाठी भरून ठेवलेले कोळी.

पुणेरी कान:
१२८ किलोबिट असेल तर माझा मुद्दा मागे. कोळ्यांवर मात्र काही म्हणणं नाही.

गुहागरची सून:
दादा, कोनाडाच! तुम्हाला कसं कळलं? टाळी वाजवली, शेपूट आलं. मामंजी म्हणाले, "आरती आहे का आज?"

शेजारच्या मुलाचा छोटा ब्लूटूथ स्पीकर मागून आणला. आधी कोनाड्यात ठेवला, मग स्टुलावर, खाली सतरंजी. तेच कीर्तन, तेवढाच आवाज. दुसऱ्या वेळी मामंजींनी झोपाळा पायाने थांबवला आणि बुवांच्या आधी अभंगाची पुढची ओळ म्हणून टाकली.

दिरांना कळवलं: ॲक्टन घ्या, आणि सोबत अर्थिंगच्या नव्या खड्ड्याचे पैसे द्या. त्यांचं उत्तर आलंय, "वडिलांना गणपतीची भेट म्हणून खड्डा कसा देऊ?"

वायरमन सोमवारी येतोय.