विरजलेली साय आणि नासलेले दूध

प्रश्न: चार दिवस फ्रीजमध्ये साठवलेल्या सायीला काल कुबट वास आला. आंबट क्रीम करायचेच आहे, तर हीच साय फेटून वापरली तर चालेल का? शेवटी दोन्ही आंबणेच ना?

प्रतिसाद १: नाही, कृपया वापरू नका. विरजणातून आपण लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू मुद्दाम आणि भरपूर संख्येने घालतो. ते दुधातील साखरेचे आम्ल करतात, पीएच (आंबटपणाचे माप, जितके कमी तितके आंबट) ४.५ च्या आसपास उतरतो आणि इतर बहुतेक जीवाणूंची वाढ तिथे खुंटते. पिशवीच्या पाश्चराइज्ड, म्हणजे तापवून जंतू मारलेल्या, दुधातले असे नैसर्गिक जीवाणू बहुतांशी मेलेले असतात, म्हणून थंडीतही वाढणारे दुसरेच जीवाणू त्यातील प्रथिने आणि स्निग्धांश फोडतात, आणि ते दूध धड आंबट न होता कडवट होते.

प्रतिसाद २: मी २५० मिली ताजे क्रीम कोमट करून त्यात एक मोठा चमचा ताजे दही कालवते आणि काचेची बरणी झाकून रात्रभर ओट्यावर ठेवते. सकाळी बरणी कलंडवली की क्रीम एकसंध, तुकतुकीत सरकते आणि वास ताज्या ताकासारखा येतो. थंडीत वेळ जास्त लागतो. गुलाबी छटा, तार किंवा बुरशी दिसली, तर सगळे टाकून द्यावे. वरचा थर काढून भागत नाही.

प्रश्नकर्ती: साय टाकून दिली. आज ताज्या क्रीमला विरजण लावते आहे.