मानपाड्यातील पुनर्विक्रीचे घर: टोकन आज रात्रीच द्यावे का?

कळव्याची भाडेकरू:
नमस्कार. गेली सहा वर्षे आम्ही कळव्यात भाड्याने राहत आहोत आणि आता पहिल्यांदाच स्वतःचे घर घेत आहोत. घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याजवळच्या एका वीस वर्षे जुन्या सोसायटीतील वन बीएचके आम्हा सर्वांना आवडले असून मालकांची अपेक्षा ७८ लाखांची आहे. काल घर पाहून निघताना, दाराला कुलूप लावता लावताच, एजंटाने सांगितले की दुसरी पार्टीही तयार आहे, त्यामुळे आज रात्रीपर्यंत एक लाख रुपये टोकन म्हणून त्याच्या खात्यात जमा केले तरच तो घर थांबवून ठेवू शकेल. दलाली तो दोन टक्के सांगतो. घर दाखवण्यापूर्वी त्याने एका छापील कागदावर माझी सही घेतली होती. तो कागद मी नीट वाचला नाही, याची आता रुखरुख लागली आहे. त्याच्याकडे महारेराचा, म्हणजे घरखरेदी-विक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आहे, पण त्यावर कितपत विसंबावे? या घरात माझ्या सासऱ्यांच्या निवृत्तीच्या पैशाचा मोठा वाटा असणार आहे, म्हणून अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

नेरूळवासी:
ताई, आज रात्री एक रुपयाही देऊ नका. नेरूळमध्ये घर घेताना आम्ही अशाच घाईत एजंटाच्या हाती टोकन दिले होते. पुढे बँकेच्या वकिलांनी कागद तपासले, तेव्हा आधीच्या दोन मालकांमधला एक करारनामा नोंदणीकृतच नसल्याचे आढळले आणि कर्ज नामंजूर झाले. मालक म्हणाले की पैसे आमच्यापर्यंत आलेच नाहीत, आणि एजंट म्हणाला की व्यवहार तुम्ही मोडलात. ते पैसे परत मिळवण्यासाठी आम्हाला सात महिने खेटे घालावे लागले. टोकन द्यायचेच असेल तर ते मालकांच्या नावाने, धनादेशाने द्या, आणि घराच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे बँकेने कर्ज नाकारल्यास पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत केली जाईल, हे वाक्य मालकांच्या सहीने पावतीवर लिहून घ्या. आमच्या पावतीवर फक्त रक्कम आणि तारीख होती.

एक गोष्ट नवी मुंबईत घर शोधणाऱ्या इतर वाचकांसाठी. येथील बहुतेक जमीन सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भाडेपट्ट्याची आहे, त्यामुळे पुनर्विक्रीत सिडकोचे हस्तांतरण शुल्क लागू होते का आणि ते कोण भरणार, हे भाव ठरवतानाच बोलून घ्यावे.

ऐरोलीतील एजंट:
मी स्वतः अठरा वर्षे हा व्यवसाय करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पुनर्विक्रीत आम्ही बहुधा दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो आणि व्यवहार पार पडला तरच आम्हाला पैसे मिळतात. त्यामुळे एजंट कितीही सज्जन असला, तरी व्यवहार लवकर व्हावा याकडे त्याचा ओढा असणारच. तुमच्या वतीने थांबण्याचे काम तुम्हालाच करावे लागते. दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही. एक ते दोन टक्क्यांचा रिवाज आहे आणि त्यात घासाघीस करण्यात गैर काहीच नाही. मात्र रक्कम किती आणि ती कधी द्यायची, हे आधी लिहून घ्या. करारनामा नोंदवल्याच्या दिवशी दलाली देणे मला योग्य वाटते. ज्या कागदावर तुम्ही सही केली, त्यात बहुधा हे घर परस्पर मालकांकडून घेतले तरी दलाली द्यावी लागेल, असे लिहिलेले असते. त्याची प्रत मागून घ्या.

महारेराच्या क्रमांकाबद्दल गैरसमज नको. रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला, आणि १ जानेवारी २०२४ पासून एजंटांना प्रशिक्षण व परीक्षेचे प्रमाणपत्रही सक्तीचे झाले. महारेराच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक जरूर तपासा. परंतु ही नोंदणी मुख्यतः महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे, आणि नवीन प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे संरक्षणही बिल्डरकडून घर घेणाऱ्याला आहे. वीस वर्षे जुन्या सोसायटीतील घराचे कागद शुद्ध आहेत की नाहीत, हे एजंटाचा क्रमांक सांगत नाही. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणात तर बनावट परवानग्या जोडून प्रकल्पांचीच रेरा नोंदणी मिळवली गेली होती. म्हणून पहिल्या मालकापासूनचे सर्व करारनामे, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहण्यास पालिकेने दिलेली परवानगी), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) आणि मालकांचे कर्ज असल्यास बँकेचे थकबाकीचे पत्र, हे सारे तुमच्या स्वतःच्या वकिलांकडून पाहून घ्या. एजंटाने सुचवलेला वकील नको, असे एजंट असूनही मी सांगतो.

वर्तकनगर:
खर्चाचा हिशेब आजच मांडा. ठाण्यात मेट्रो अधिभारासह मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ७८ लाखांवर ५ लाख ४६ हजार होते. सरकारी बाजारमूल्य याहून जास्त असेल तर शुल्क त्यावर लागते. घर केवळ तुमच्या, म्हणजे स्त्रीच्या, नावावर घेतल्यास एक टक्का सवलत मिळून ४ लाख ६८ हजार. नोंदणी फी ३० हजार. शिवाय एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कापायचा प्राप्तिकर, मालकांच्या रकमेतून कापून तुम्हालाच भरायचा असतो. सोसायटीला हस्तांतरणासाठी २५ हजारांहून अधिक प्रीमियम घेता येत नाही. काही रक्कम रोख द्या असे कोणी सुचवले, तर साफ नकार द्या.

कळव्याची भाडेकरू:
सर्वांचे मनापासून आभार. मी एजंटाला फोन करून सांगितले की कागदांच्या प्रती मिळाल्याशिवाय टोकन देणार नाही, आणि दिले तरी ते मालकांच्याच नावाने देईन. थोडा वेळ तो नाराज होता. तासाभराने त्याने इंडेक्स टू आणि मी सही केलेला कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. नेरूळवासी, तुम्ही सांगितलेले वाक्य मी पावतीच्या मसुद्यात जसेच्या तसे घातले आहे. ऐरोलीचे दादा म्हणतात तसेच त्या कागदावर लिहिलेले निघाले, आणि दलाली दोन टक्के हेही बारीक अक्षरात आहे, त्यामुळे दराविषयी आता त्याच्याशी समोरासमोर बसून बोलेन. भोगवटा प्रमाणपत्र मात्र त्याच्याकडे नाही. शनिवारी सासरे आणि मी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन सचिवांकडे ते मागणार आहोत.